खुर्दा

दिवाळीला आठ दिवस राहिले की आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात विटांचे तुकडे, जुनी पोती आणि कुणाच्या तरी ओळखीनं मागवलेली माती येऊन पडते. त्या दिवसापासून स्कूटर लावायला जागा मिळत नाही आणि त्याबद्दल कुणी तक्रारही करत नाही. पुण्यात पार्किंगपेक्षा किल्ल्याला मान आहे. पोरं कोपरापर्यंत चिखलात बुडालेली असतात. हळीव पेरायचे की मोहरी, यावर रोज संध्याकाळी सभा भरते. चार दिवसांत पोत्यावर हिरवी लव फुटते आणि मग कुणाच्या तरी घरातून तो डबा खाली येतो.

यंदा डबा आमच्याकडचा होता. पत्र्याचा, बिस्किटांचा, झाकणावरचं चित्र कधीच पुसून गेलेला. माझ्या मुलाच्या वेळचा डबा आता नातवाकडे आलाय. त्यानं तो किल्ल्याच्या पायथ्याशी उपडा केला आणि मी खुर्ची टाकून बघत बसलो. सगळ्यात जुने होते कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेले मातीचे मावळे. कुणाच्या नाकाचा रंग उडालेला, कुणाची ढाल टवका गेलेली. एकाचा उजवा हात खांद्यापासून तुटलेला होता. तो नातवानं गोंद लावून चिकटवला होता आणि हातातल्या भाल्याच्या जागी खराट्याची काडी खोचली होती. त्यांच्या खालोखाल हिरवे प्लास्टिकचे सैनिक निघाले. एक पोटावर सरपटणारा, एक गुडघा टेकून नेम धरणारा, एक कानाला वायरलेस लावून कुणाचं तरी ऐकत राहिलेला. मग चॉकलेटबरोबर फुकट आलेला एक रोमन शिपाई, बुद्धिबळातला एकटा घोडा, आणि अंतराळवीराच्या वेषातलं काहीतरी. हे सगळे पाच मिनिटांत तटावर उभे राहिले. महाराज सर्वांत वर, सिंहासनावर. त्यांच्या उजव्या हाताला मावळा आणि डाव्या हाताला मशीनगनवाला.

“अरे, महाराजांच्या किल्ल्यावर मशीनगन कशी?” मी म्हटलं.

“आजोबा, हे सगळे वेगवेगळ्या लढायांतनं उचललेत.”

“कुणी?”

“एलियन्सनी. त्यांना आर्मी बनवायचीय.”

“मग घरी कधी सोडणार त्यांना?”

खेळ न कळलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. “ते उचललेत ना. घर नसतं त्यांना.”

एवढं बोलून तो तोफ बसवायला गेला. मी मात्र त्या वाक्यापाशीच बसून राहिलो.

परग्रहावरचे लोक पृथ्वीवरच्या निरनिराळ्या युद्धांतून सैनिक पळवतात आणि त्यांची फौज बांधतात, ही कल्पना पोरानं कुठल्याशा गेममधून उचलली असणार. पण पुण्यात बसून ती ऐकताना परकी वाटत नाही. या गावात काळाच्या आरपार माणूस नेणारी गोष्ट मराठी वाचकाला आधीच सांगून झालीय. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचा एक पुणेकर प्राध्यापक अपघाताच्या एका क्षणात दुसऱ्याच जगात जाऊन पडतो. त्या जगात विश्वासरावाला लागायची गोळी लागत नाही आणि पानिपत आपण जिंकलेलं असतं. नारळीकर २० मे २०२५ ला पुण्यातच गेले. त्यांनी उभी केलेली ‘आयुका’ १९८८ पासून विद्यापीठाच्या आवारात, गणेशखिंडीला आहे. चार्ल्स कोरियांनी बांधलेल्या त्या वास्तूतल्या कुंडाच्या चार कोपऱ्यांत आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन उभे आहेत. वेगवेगळ्या शतकांतली माणसं उचलून एका अंगणात आणून ठेवली, तर ती अशीही शोभतात.

पण गणेशखिंड म्हटलं की पुणेकराला आणखी एक तारीख आठवायला हवी. ५ नोव्हेंबर १८१७. खडकी आणि गणेशखिंड यांच्या मधल्या माळावर त्या दिवशी बापू गोखल्यांची फौज कंपनीच्या फौजेवर चालून गेली. बाजीराव पर्वतीवरून बघत होता. जिथं आज माणसं आकाश वाचतात, त्याच्या आसपास तेव्हा घोडे चिखलात रुतत होते. या लढाईतली एक गोष्ट शाळेच्या पुस्तकात सहसा नसते. दापोडीला कॅप्टन फोर्डच्या हाताखाली एक कवायती पलटण होती. ती पेशव्याच्याच पैशानं उभी केलेली, पेशव्याचंच मीठ खाणारी, फक्त अधिकारी इंग्रज. लढाईच्या दिवशी ती पलटण दापोडीहून निघाली आणि कंपनीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिला अडवायला गेलेले मोरोपंत दीक्षित तिथेच पडले. शिपाई तेच, बंदुका त्याच, पगार पेशव्याचा आणि लढाई दुसऱ्याची. उचलून न्यायला तबकडीच लागते असं नाही.

आता थोडं आकाशाकडे. नातवाच्या एलियन्सना वेगवेगळ्या काळातले सैनिक एकाच वेळी कसे सापडले, हा प्रश्न मला रात्री अंथरुणावर पडल्यावर पडला आणि उत्तरही तिथेच मिळालं. प्रकाशाला पोचायला वेळ लागतो, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला आपला भूतकाळ दिसतो. अभिजित तारा २५ प्रकाशवर्षं दूर आहे. तिथल्या कुणाच्या हिशेबी कारगिलला फार दिवस झालेले नाहीत. मघेचा तारा ७९ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे तिथे आपल्या स्वातंत्र्याच्या आणि काश्मीरच्या पहिल्या लढाईच्या सुमाराचा उजेड पोचतोय. चित्रा सुमारे २५० प्रकाशवर्षं दूर आहे. तिथून पुण्याकडे बघितलं तर नाना फडणिसांचा काळ दिसावा. आणि १४ जानेवारी १७६१ चा उजेड? तो अजून वाटेतच आहे. त्या दिवशी पानिपतावर जो धुरळा उठला, त्याच्यावरून परतलेली किरणं आज कुठल्याशा अनाम ताऱ्याशी पोचत असतील. आकाशाच्या हिशेबात कुठलीच लढाई संपलेली नाही. सगळ्या एकदम चालू आहेत, फक्त निरनिराळ्या अंतरांवर.

अर्थात बघणं सोपं नाही. चित्रेपासून इथला एक माणूस ओळखायचा, तर मंगळाच्या सूर्याभोवतीच्या कक्षेहूनही कितीतरी मोठा आरसा लागेल. आपण स्वतः जेवढं ऐकू शकतो ते नारायणगावजवळ खोडदला ऐकतो. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना तिथे उसाच्या आणि कांद्याच्या शेतांतून आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत, शिवनेरीपासून फार लांब नाहीत. २०२३ च्या जानेवारीत तिथे टिपलेल्या एका संदेशाची बातमी झाली आणि आमच्या कट्ट्यावर एकदोघांनी परग्रहवासी सापडल्याचंच जाहीर करून टाकलं. तो एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा क्षीण रेडिओ आवाज होता, सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला. त्यात कुणाचंही बोलणं नव्हतं.

तरी समजा, कुणी बघतंय आणि कुणाला फौज बांधायचीय. ते कुणाला उचलतील? सेनापतींना तर नक्कीच नाही. ती माणसं नाहीशी झाली तर लगेच लक्षात येतं. पानिपतानंतर दक्षिणेकडे निघालेल्या त्या व्यापारी पत्राचा सांकेतिक मजकूर आपल्याकडे पोराबाळांना ठाऊक आहे. मोठी माणसं त्यात मोत्यांच्या आणि मोहरांच्या भाषेत मोजलेली होती आणि ज्यांची गणतीच नाही असे बाकीचे सगळे म्हणजे रुपये आणि खुर्दा. लहानपणी मला त्यातल्या मोत्यांचं वाईट वाटायचं. आता वय झाल्यावर खुर्द्याचं वाटतं. खुर्दा म्हणजे सुटी नाणी. कनवटीला लावलेली, घामाचा वास आलेली, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाणारी. ज्याची गणती होत नाही, तेच गुपचूप उचलता येतं.

आणि पानिपतावरून खरंच माणसं उचलली गेली. बलुचिस्तानात डेरा बुगटी भागात आजही स्वतःला मराठा म्हणवणारे लोक आहेत. आपले पूर्वज पानिपतावर कैद झाले, अब्दालीनं परतीच्या वाटेवर त्यांना बलुच सरदारांच्या हवाली केलं, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा सांगते. धर्म बदलला, भाषा बदलली, पोशाख बदलला, जमातीचं नाव तेवढं राहिलं. त्यांच्या घरांतून आईला अजून ‘आई’ म्हणतात, असं तिकडचं सांगणारे सांगतात. हे वाचतो तेव्हा मला एक कुणीतरी माणूस डोळ्यांसमोर येतो. खटाव-माणकडचा किंवा मावळातला, बाजरीची भाकरी खाऊन वाढलेला. हिरव्या झाडाला पारख्या झालेल्या डोंगरांत तो दुसऱ्याच्या फौजेत उभा आहे. आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीनं तो दुसऱ्या ग्रहावरच आहे.

जे मागे राहिले त्यांचं काय झालं, याचं एक उदाहरण मात्र शनिवारवाड्यात होतं, आणि ते मोत्यांतलं होतं. पानिपतावर फौज नेलेल्या भाऊसाहेबांच्या मृत्यूवर त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंचा विश्वास बसला नाही. त्या गेल्या तोवर त्यांनी वैधव्य स्वीकारलं नाही. कुंकू पुसलं की माणूस संपला, एवढं त्यांना कळत होतं. त्यांचं ते वाट पाहणं पुढे सगळ्या गावाला लागलं. म्हणूनच ‘मीच भाऊ’ म्हणत एक तोतया आला तेव्हा लोकांनी त्याला हसून घालवलं नाही. तो रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत पडला, तिथून सुटला, १७७६ साली कोकणात फौज जमवून बसला. किल्ल्यामागून किल्ले त्याच्याकडे गेले. अखेर तो पकडला गेला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शासन झालं. चित्रेवर कुणी असेल तर त्याला हे आत्ता दिसत असेल. मला त्या तोतयापेक्षा त्याच्यामागे गेलेल्या लोकांचं कुतूहल वाटतं. त्यांच्यातल्या कितीजणांचा भाऊ, बाप, मुलगा पानिपताहून परतला नव्हता? भाऊसाहेब परत येऊ शकतात, तर आपला का नाही, एवढाच त्यांचा हिशेब असेल.

शे-दीडशे वर्षांनी उचलणारे समुद्रावरून आले. त्यांनी माणूस न्यायला पगार ठेवला होता. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला शिपायाला महिना अकरा रुपये मिळत. कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर ज्याच्या तीन भावांची नजर आहे, त्याला ते पुरे होते. ज्या सैन्यविभागाबरोबर ही मुलं मेसोपोटेमियात उतरली, त्याचं नावच सहावी पूना डिव्हिजन होतं. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत गावात तुर्कांनी त्यांना कोंडलं. वेढा जवळपास पाच महिने चालला. धान्य होतं तोवर ते दळायचं कशानं हा प्रश्न पडला, तेव्हा विमानातून जात्यांचे दगड खाली टाकले गेले.

या एका गोष्टीपाशी मी नेहमी थबकतो. सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या घरात पहाटे जातं फिरतंय आणि त्या घरचा मुलगा इराकच्या चिखलात, आकाशातून पडणाऱ्या जात्याकडे बघतोय. विमान त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असेल. त्यातून उतरलं काय, तर आईच्या हातातली वस्तू. मग धान्यही संपत आलं. घोडे कापले गेले आणि पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस खायला कितीतरी दिवस नकार दिला, भुकेनं उभं राहता येईना तरी. आपण उचललेल्या माणसाच्या पोटात त्याचं गाव असतं, हे उचलणाऱ्याला तेव्हा कळलं असावं. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली आणि वाळवंटातून चालवत नेली गेली. वाटेत आणि पुढे रेल्वेच्या कामावर त्यांतली हजारो गेली. पुण्याचं नाव लावलेली एक आख्खी डिव्हिजन अशी वाळूत जिरली, आणि पुण्यात तिच्या नावानं साधा चौकही माझ्या तरी पाहण्यात नाही.

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे. त्याच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले. इंग्रज सरकारनं तिथे स्मारक उभारलं. त्यानंतरही गावातली मुलं भरतीला जातच राहिली, पुढे देशाच्या फौजेत. आपल्याला याचा अभिमान वाटतो आणि वाटावा. पण १९१४ च्या त्या पिढीला कुणाच्या लढाईत, कुणाविरुद्ध नेलं जातंय, हे कुणी समजावून सांगितलं होतं?

इथे परक्यांना नावं ठेवून मोकळं होता येत नाही. फौज बांधणारे आपणही होतो. पानिपतावर आपल्या तोफखान्यामागे इब्राहिमखानाचे गारदी होते. पुण्याच्या पेशव्यांपाशी अरब होते, गोसावी होते. महादजींनी द बॉइनकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या. जो फौज बांधतो त्याला माणूस कुठून आला याच्याशी कर्तव्य नसतं. नातवाच्या एलियन्सचं धोरण काही जगावेगळं नाही.

दिवाळी उलटल्यावर एका दुपारी मी खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत गेलो. घरी सांगितलं, फिरायला जातो. नातवाच्या किल्ल्यावर जी गर्दी होती, तिचा खरा नमुना पुण्यात कुठे असेल तर तो इथे आहे. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे जिथे थडग्यांची नीट निगा राहील याची खात्री नव्हती, तिथून दुसऱ्या महायुद्धातले मृत सैनिक इथे एकत्र आणले गेले. त्यांची १,६६८ थडगी आहेत. पहिल्या महायुद्धात या देशात मेलेल्या आणि ज्यांच्या थडग्यांची आता निगा राखता येत नाही अशा १,८०० हून अधिक जणांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या सैनिकांचीही नावं या स्मशानभूमीत आहेत. उचलून आणलेली, मेल्यावर पुन्हा एकदा उचललेली आणि शेवटी एका ओळीत लावलेली माणसं. माळी गुडघे टेकून दोन शिळांच्या मधलं गवत कात्रीनं कापत होता. मी नावं वाचत गेलो. एकवीस, तेवीस, एकोणीस अशी वयं. इथून ज्या वयाचे तिकडे गेले, त्याच वयाचे तिकडून इथे आले होते. आमचे यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले तेव्हा बावीस वर्षांचे होते. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीच्या हाती दिला गेला. ते लढले त्या भागात, मोंतोने गावात, २०२३ साली त्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलंय. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचा लॅटिन मजकूर त्यावर आहे. परग्रहावरून येणाऱ्यांना हे वाक्य लागू पडणार नाही. आजवर ज्यांनी ज्यांनी उचललं, त्या सगळ्यांना मात्र पडतं.

परत आलो तर किल्ला उतरवणं चालू होतं. तुळशीचं लग्न झालं की सोसायटीला पार्किंगची आठवण होते. पोती बाजूला झाली होती, हळिवाची लव पिवळी पडली होती, महाराज कुणाच्या तरी घरी सन्मानानं पोचले होते. नातू डब्यात सैनिक मोजून भरत होता. दोनदा मोजून झाल्यावर त्यानं झाकण बाजूला ठेवलं.

“एक मावळा नाहीये.”

“असेल इथेच. नसला तर कुंभारवाड्यातून नवीन आणू.” मी म्हटलं. म्हणताना मला कळलंच नाही की फौज बांधणारा असंच बोलतो.

“तो नाही मिळणार. त्याचा हात मी चिकटवलाय.”

त्यानं मातीच्या ढिगात बोटं घातली. काळोख पडत होता. मी मोबाइलचा दिवा लावून धरला. गुडघे दुखत होते, पण खाली बसलो आणि दुसऱ्या बाजूनं माती चाळायला लागलो. बऱ्याच वेळानं हाताला काहीतरी टोचलं. खराट्याची काडी होती. नुसतीच. नातवानं ती शर्टाला पुसली, डब्यात ठेवली आणि पुन्हा ढिगात हात घातला.